आजोबांचं मागणं

२० जानेवारी

प्रिय ताई,
सप्रेम सलाम.

फोनवर तू ओरडतेस, मी फोन ठेवतो आणि मग आठवडाभर दोघंही तोंड फुगवून बसतो. आपलं वय काय, आपण करतो काय! म्हणून हे पत्र. यावर ओरडलीस तरी मला ते पाच दिवसांनी ऐकू येईल.

बाबांना आता आडवं होता येत नाही. आडवे झाले की श्वास अडतो. मांडीवर उशी घेऊन, तिच्यावर कोपरं टेकवून, पुढे झुकून बसतात. एकोणतीस वर्षं बस चालवलेला माणूस. अजूनही स्टिअरिंगवर रेलल्यासारखाच दिसतो. ऑक्सिजनचं मशीन कोपऱ्यात दिवसभर घुरघुरत असतं. मी पंपांच्या वर्कशॉपमध्ये असतो तोवर आत्या येऊन बसते. संध्याकाळी आलो की हातांवरचं ग्रीस घासून काढतो आणि मग त्यांना पुसायला घेतो. पाठीला खाली जखम झाली आहे, ती तू सांगितलंस तशी रोज स्वच्छ करतो. जेवण तीन-चार घास. गेल्या महिन्यात मी तुला 'ये' म्हटलं होतं. आता पुन्हा म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र बरी चालली आहे. माझा चर्चमधला संडे स्कूलचा वर्ग. अकरा मुलं आहेत. पूर्वी त्यांना दुसऱ्यांसाठी प्रार्थना करा म्हटलं की डोळे मिटून भराभर सुरू व्हायचं: आजाऱ्यांना बरं कर, भुकेल्यांना अन्न दे, प्रवाशांना सांभाळ, आमेन. कंडक्टर थांबे ओरडतो तसं. एका रविवारी मी मध्येच विचारलं, "आजारी कोण?" एकालाही नाव सांगता येईना. मग या वर्षापासून नियम केला. प्रत्येकानं वर्षभरासाठी एक माणूस घ्यायचा. शनिवारी त्याच्या दारात जायचं आणि विचारायचं, 'तुमच्यासाठी काय मागू?' तो सांगेल तेच रविवारी मोठ्यानं मागायचं. पदरचं काही घालायचं नाही. दुसऱ्याचं भलं कशात आहे ते आपल्याला न विचारताच कळतं, ही खोड आपल्या सगळ्यांना आहे; मुलांना तरी लागू नये.

गंमतही होते. तळमजल्यावरचा घड्याळवाला एका पायानं अधू. मुलांना वाटलं, तो पाय मागेल. तो म्हणाला, "पाय राहू दे रे. वरच्या बाईला बुद्धी दे म्हण, माझ्या दुकानाच्या फळीवर रोज पाणी ओतते." रविवारी तेच मागितलं गेलं. वरची बाई वर्गाच्या दारातच नातवाला न्यायला उभी होती. पाणी बंद झालं.

बाबा भिंगरीच्या वाट्याला आले आहेत. लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या बाईंची मुलगी, आठ वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून हे नाव. परवा बाबांना विचारत होती, "आजोबा, बसची घंटी तुम्ही वाजवायचा?"

"घंटी कंडक्टरची."

"मग तुम्ही काय वाजवायचा?"

"पॅसेंजरांचे बारा."

बाबा इतके हसले की पाच मिनिटं खोकत होते. त्यांनी तिला आपलं मागणं सांगितलं आहे आणि ती दर रविवारी न चुकता मागते. काय ते विचारू नकोस. ते त्या दोघांचं आहे.

तुझा,
बारक्या


२६ जानेवारी

प्रिय बारक्या,
सलाम.

जखमेची पट्टी कोरडी ठेव. उशी एक पुरणार नाही, समोर टेबल घे आणि टेबलावर दोन उशा ठेव, म्हणजे छाती मोकळी राहील. मशीनची नळी आठवड्यातून दोनदा धू. आत्याला नाही जमणार, तिला बारीक दिसत नाही, तूच धू. पाय सुजले आहेत का ते लिहिलं नाहीस.

वॉर्डात दोघीजणी रजेवर गेल्या आहेत, माझं नाव सगळ्या पाळ्यांना लागलं आहे. मार्चमध्ये नक्की येते. बाबांना तसं सांग. आणि 'पुन्हा म्हणत नाही' असली वाक्यं लिहू नकोस. तुला टोमणे मारता येत नाहीत, उगाच हसू येतं.

तुझा नियम चांगला आहे. त्या मुलीला माझ्यातर्फे एक सांग: उन्हाळ्यापर्यंत आजोबांना जिना उतरता येऊ दे, असं माग. लहान मुलांचं ऐकलं जातं म्हणतात.

तुझी ताई


२० फेब्रुवारी

बारक्या,

सलाम लिहिलेला नाही. विसरलेले नाही.

बाबांना माती देऊन नऊ दिवस झाले. मी येईपर्यंत पेटीचं झाकण लावायचं थांबवलंत, तेवढे उपकार. परतीच्या गाडीवर मला सोडायला आत्या आली होती. डोळे पुसत सहज म्हणाली, "सुटला गं माझा भाऊ. त्या पोरीची प्रार्थना देवानं ऐकली." मी म्हटलं, कुठली प्रार्थना? तिला वाटलं होतं मला माहीत आहे.

'प्रभू, आजोबांना मरण दे.' आठ वर्षांची मुलगी, पाच रविवार, मोठ्यानं. आणि समोर शिकवणारा म्हणून बसलेला तू!

मी चोवीस वर्षं वॉर्डात आहे. 'मला सोडवा' म्हणणारी माणसं मी तुझ्यापेक्षा जास्त पाहिली आहेत. आम्ही त्यांचं ऐकून घेतो. कूस बदलून देतो, डॉक्टरांच्या मागे लागून दुखण्याचं औषध वाढवून घेतो. त्याचा ठराव करून मुलांकडून वाचून घेत नाही. एखादा दिवस असा येतो की माणूस सकाळी मरण मागतो आणि दुपारी चहात साखर कमी आहे म्हणून भांडतो. तू त्याचं सकाळचं तेवढं धरून ठेवलंस.

आणि मला काय लिहिलंस? 'ते त्या दोघांचं आहे.' खोटं बोलला नाहीस हे खरं. पण खोटं बोलणाऱ्यालाही लाज वाटेल असं खरं बोललास.

मी एक मागणं पाठवलं होतं. तेवढं तरी सांगितलंस का तिला?

ताई


२६ फेब्रुवारी

ताई,
सलाम. मी लिहितो. आईनं शिकवलं होतं, भांडणातही सलाम सोडायचा नाही.

हो, तुझं मागणं तिला सांगितलं होतं. ती शनिवारी बाबांकडे गेली आणि नियमाप्रमाणे विचारलं, "आजोबा, तुमच्या मुलीनं सांगितलंय, आजोबांना जिना उतरू दे असं माग. मागू?" बाबा म्हणाले, "उतरून कुठं जायचंय मला? त्यापेक्षा तिला एकदा जिना चढू दे, असं माग." हे मी तुला कळवलं नव्हतं. आता कळवतो.

आत्यानं तुला अर्धं सांगितलं, उरलेलं ऐक. बाबांनी तिला आधी त्यांच्या भाषेत सांगितलं, "माझी ड्यूटी केव्हाच संपली गं, गाडी ताब्यात घ्यायला रिलीव्हर यायचा पत्ता नाही. त्याला पाठव म्हणावं." तिनं विचारलं, रिलीव्हर म्हणजे कोण? तिला कळल्याशिवाय ती मागत नाही. मग बाबा सरळ बोलले, "मला मरण येऊ दे. पण झोपेत, गुदमरून नको." तिनं एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही. पहिल्या रविवारी बाकीची मुलं डोळे उघडून तिच्याकडे बघायला लागली, तेव्हा ती त्यांच्यावरच ओरडली, "त्यांनी सांगितलंय! मी नाही म्हणत!"

तेव्हा मी काय करायला हवं होतं ते सांग. तिला म्हणायला हवं होतं की सगळ्यांना विचार, आजोबांना सोडून? ते जे सांगतील ते माग, फक्त आम्हाला चालेल तेच? मग पुन्हा कंडक्टरचे थांबेच ओरडू दे की मुलांना.

दुपारी जेवणानंतर ते गेले. उशीवर कपाळ टेकलेलं होतं. आत्याला वाटलं डोळा लागला. गुदमरले नाहीत.

चोवीस वर्षं तू परक्यांच्या कुशी बदलतेस. त्यासाठी वेळ मिळाला. घरी बापाची एकच कूस होती.

बारक्या


४ मार्च

बारक्या,

ते शेवटचं वाक्य लिहून तुला बरं वाटलं असेल. नीट जपून ठेव, पुन्हा उपयोगी पडेल.

मी पाळकसाहेबांना आणि चर्चच्या पंचांना पत्र टाकलं आहे. काय घडलं ते लिहिलं आहे आणि तुझ्या हातून वर्ग काढून घ्यावा अशी विनंती केली आहे. तू लग्न केलं नाहीस, पोर वाढवलं नाहीस. पोराच्या तोंडी काय द्यायचं आणि काय नाही हे माणूस पुस्तकात शिकत नाही. लोकांची मुलं तुझे नियम तपासून बघायला नाहीत.

पंप दुरुस्त कर. ते तुला येतं.

ताई


१८ मार्च

ताई,

या वेळी मीही सलाम लिहीत नाही. आईची माफी वर गेल्यावर मागेन.

तुझं पत्र पोचलं. त्याचं काय झालं ते ऐक, आणि बसून ऐक.

रविवारी उपासना संपल्यावर पंचांची बैठक बसली. पाळकसाहेब म्हणत होते, मला एकट्याला बोलवू. पण पंचांमध्ये आपले हेडमास्तर आहेत, रिटायर होऊन सात वर्षं झाली तरी छडी हातातून सुटलेली नाही. ते म्हणाले, मुलीला विचारल्याशिवाय निवाडा कसा करायचा? भिंगरीला आईसकट आत बोलावलं. लांब टेबल, पलीकडे सहा माणसं, अलीकडे ती. टेबल तिच्या हनुवटीपर्यंत येत होतं. हेडमास्तर म्हणाले, "बाळ, घाबरू नकोस. तू वर्गात काय मागत होतीस ते म्हणून दाखव." तिनं हात जोडून, डोळे मिटून, सगळं म्हणून दाखवलं. शेवटी आमेन म्हणाली. टेबलापलीकडून कुणीही आमेन म्हटलं नाही.

मग त्यांनी तुझं पत्र वाचलं. तिला बाहेर पाठवायचं कुणाला सुचलं नाही. मला सुचलं, पण मी उठेपर्यंत ते वाक्य येऊन गेलं होतं. तुझंच वाक्य, तुला पाठ असेल: 'या मुलीच्या तोंडून माझ्या वडिलांचं मरण मागवलं गेलं आणि ते आलं.'

तिनं मान वर करून आईला विचारलं, "माझ्यामुळे आलं?"

त्या दिवसापासून ती बोलत नाही असं नाही. पाणी दे म्हणते, भूक लागली म्हणते. पण माणसाचं नाव घेत नाही. कुणाचंच. शाळेत शेजारच्या मुलीला हाक मारायची तर जाऊन तिची बाही ओढते. आई कामाला निघाली की दोन्ही हात तोंडावर दाबून दाराशी उभी राहते. तोंडातून काही निघालं आणि तसंच झालं तर, म्हणून. परवा वर्कशॉपमध्ये तिची आई आली. मी शाफ्ट बसवत होतो. ती दारातूनच म्हणाली, "सर, माझी मुलगी बडबडी होती. शेजारी कंटाळायचे. तुम्ही तिला देवाशी बोलायला शिकवलंत, आता ती माझ्याशीही धड बोलत नाही. तुम्हीच बघा काय ते." आणि निघून गेली. तिनं आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

वर्ग बंद केला आहे. त्याचं मला काही नाही. पण तुला राग माझ्यावर काढायचा होता ना? मग माझ्या तोंडावर काढायचास. मी समोर होतो. मी पन्नाशीला आलो, मला चार शिव्या पचतात. दगड भिरकावताना मध्ये कोण उभं आहे ते बघायचंस.

आता माझं ऐक, कारण हे मी पंचांनाही सांगितलेलं नाही.

नियम हे माझं पांघरूण होतं. बाबांचं मागणं मला तिच्या आधी, त्यांनी न सांगताच माहीत होतं. पुसताना, कपडे बदलताना, रोज बघत होतो. जिन्यानं वर येताना पायऱ्या मोजायचो आणि मनात यायचं, आज आत गेल्यावर मशीनचा आवाज नसला तर? आणि मला त्या विचाराची भीती नव्हती वाटत, ताई. हलकं वाटायचं. ते देवापुढे बोलायची माझी छाती झाली नाही. ती पोरगी बोलायची आणि मी पाठीमागून आमेन म्हणायचो. पाच रविवार. तिची प्रार्थना मी थांबवली नाही कारण ती माझीही होती. माझ्या तोंडचं मी तिच्या तोंडून जाऊ दिलं.

तेव्हा तुझा राग चुकीचा नाही. नेम चुकीचा आहे.

बारक्या


२४ मार्च

बारक्या,
सलाम.

तुझं पत्र ड्यूटी संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत वाचलं. उभ्यानं. बसून ऐक म्हणाला होतास ते नंतर वाचलं.

हेडमास्तरांना काय म्हणायचं ते मी त्यांच्या तोंडावर म्हणेन, इथं लिहून कागद नासवत नाही. ते वाक्य मात्र माझंच आहे. ते वाक्य लिहिताना मला ते छान जमलं असं वाटलं होतं. एवढं बोलले, आता माझ्याबद्दल काही नको.

तुझ्या कबुलीबद्दल: असं वाटणं म्हणजे पाप नाही. माझ्या वॉर्डात येणाऱ्या प्रत्येक मुलाला, प्रत्येक सुनेला वाटतं, आणि सगळे बाथरूममध्ये जाऊन रडतात. तू ते मला लिहायचंस. लिहिलं असतंस तर मी आले असते की पुन्हा ओरडले असते, हे मला सांगता येत नाही. पण मुलीच्या पाठीमागून आमेन म्हणालास, त्याचा माझा राग गेलेला नाही. तो राहणार.

सोबत वेगळा कागद आहे. तो तिला वाचून दाखव. एक शब्द बदलू नकोस.

आणखी एक आहे, ते अजून लिहवत नाही.

ताई

*

भिंगरी बाळा,

तू मला ओळखत नाहीस. मी आजोबांची मुलगी. टेबलाशी जे पत्र वाचलं ते मी लिहिलं होतं. त्यातलं एक वाक्य चूक आहे. मी रागात होते म्हणून ते लिहिलं.

मी नर्स आहे. माणसं कशानं जातात ते मला नीट माहीत आहे. आजोबांची फुप्फुसं दोन वर्षांपासून खराब होत चालली होती. त्यांचा एक्स-रे मी स्वतः खिडकीच्या उजेडात धरून पाहिला होता. तेव्हाच मला कळलं होतं की ते फार दिवस राहणार नाहीत. तेव्हा तू सहा वर्षांची होतीस आणि आजोबांना ओळखतही नव्हतीस. उन्हाळ्यात जिना उतरतील असं मी सांगून पाठवलं, ते मला खरं वाटत होतं म्हणून नाही. तसं म्हटलं की मला बरं वाटायचं.

तू गप्प बसली असतीस तरी आजोबा गेलेच असते. तुझ्यामुळे आलं नाही. कुणी काहीही वाचून दाखवलं तरी हे खरं आहे.

तुझ्या आईलाही सांग, मी चुकले.

आजोबांची मुलगी


५ एप्रिल

प्रिय ताई,
सप्रेम सलाम.

तुझा कागद घेऊन लाँड्रीत गेलो. मागच्या खोलीत चादरींचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले. वाफेनं भिंतीचा रंग सुटलेला. तिची आई टेबलाशी उभी राहून इस्त्री करत होती, भिंगरी खाली गठ्ठ्याला टेकून बसली होती. आईनं मला बस म्हटलं नाही. मी उभ्यानंच वाचलं. 'मी चुकले' आलं तेव्हा आईनं इस्त्री उभी करून ठेवली.

भिंगरीनं सगळं ऐकलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "म्हणजे ते आपोआप गेले?"

"हो."

"मग देवानं माझं ऐकलंच नाही?"

ताई, तीस वर्षं मी बायबल वाचतो, बारा वर्षं मुलांना शिकवतो. तिच्यापुढे दोनच दारं होती. ऐकलं म्हणावं तर तिच्यामुळे मेले. नाही ऐकलं म्हणावं तर ती पाच रविवार भिंतीशी बोलली. आपण मोठी माणसं त्या दोन दारांच्या मधल्या भिंतीला रंग लावत बसतो. मी सांगितलं, "मला माहीत नाही, बाळा. ते झोपेत गेले, गुदमरले नाहीत, एवढं मला माहीत आहे. त्यात कुणाचं काय ऐकलं गेलं ते मला ठाऊक नाही."

मला वाटलं ती रडेल. ती उठून उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. ती म्हणाली, "मग त्यांनी मला कशाला सांगितलं? तुम्ही होता ना घरात! रोज होता! मला कशाला सांगितलं?"

तिची आई म्हणाली, "अगं, हळू."

"नाही हळू!" महिन्याभरात पहिल्यांदा तो जुना आवाज ऐकला. बाहेरच्या काउंटरवरचा माणूस आत डोकावला. तिनं हात जोडले, म्हणजे पंजे एकमेकांवर आपटलेच, आणि डोळे उघडे ठेवून म्हणाली, "प्रभू, आजोबा तुझ्याकडे असतील तर त्यांना सांग, मी त्यांच्यावर रागावलेय. खूप. त्यांनी मोठ्यांना सांगायला पाहिजे होतं. मी लहान आहे. आमेन."

आईनं आमेन म्हटलं आणि इस्त्री चादरीवर अशी आपटली की वाफ उडाली. मी आमेन म्हणू की नको या विचारात राहिलो. मागचे पाच माझ्या अंगावर आहेत.

बातमी फुटायला वेळ लागत नाही. तिसऱ्या दिवशी हेडमास्तर वर्कशॉपमध्ये हजर. "मी ऐकतो ते खरं का? मेलेल्यांसाठी प्रार्थना आपल्यात चालत नाही, तुम्हाला ठाऊक असेलच."

मी म्हटलं, "सर, ती त्यांच्यासाठी नव्हती. त्यांच्याविरुद्ध होती."

"म्हणजे?"

"तक्रार होती. वर पोचवली, इतकंच."

ते दाराकडे वळले. मग म्हणाले, "नियमात बसतं का ते बघावं लागेल," आणि गेले. बघू देत.

पण सगळं सुरळीत झालं असं समजू नकोस. आवाज आला आहे, नावं आली नाहीत. आजोबा ती म्हणाली, कारण आजोबांना आता काही व्हायचं राहिलेलं नाही, असं तिनंच मला समजावून सांगितलं. जिवंत माणसांची नावं ती अजून घेत नाही. आई निघाली की हात तोंडावर जातातच.

आणि तिचा प्रश्न माझ्याही डोक्यातून जात नाही. मी घरात होतो. बाबांनी मला का नाही सांगितलं?

तुझा,
बारक्या


११ एप्रिल

प्रिय बारक्या,
सप्रेम सलाम.

तुला नाही सांगितलं कारण मला सांगून बघितलं होतं.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बाबांनी मला फोन केला. आत्याकडून लावून घेतला आणि तिला बाहेर पाठवलं. एकेका शब्दानंतर थांबत होते. म्हणाले, "तू नर्स आहेस, तुला कळतं. बारक्याला नाही सांगत, तो सगळं मनाला लावून घेईल. माझ्यासाठी एवढं माग, झोपेत ने म्हणावं." मी काय म्हणाले ते ऐक. "बाबा, असलं अभद्र बोलणार असाल तर मी फोन ठेवते." ते म्हणाले, "बरं." मी ठेवला. मग वॉर्डात जाऊन तेच मागणाऱ्या एका म्हाताऱ्याचा हात धरून पाऊण तास बसले. परक्यांच्या कुशी म्हणालास ना? बरोबर बोललास. परक्याची कूस हलकी असते.

आठ दिवसांनी ती मुलगी त्यांच्या दारात आली आणि तिनं विचारलं, काय मागू. पोटची दोन पोरं होती. विचारणारी ती पहिली. तुझ्यावर ओरडले, पंचांना लिहिलं, त्या सगळ्याच्या खाली हा एक फोन होता. तुझ्या वर्गाचा राग मला आला तो याच कारणानं, की त्यात माझ्याच न केलेल्या गोष्टीचा आवाज येत होता.

आता ती आजोबांवर रागावली आहे आणि तो राग खोट्या पत्त्यावर जातो आहे. ते चालणार नाही. आजोबांनी मोठ्यांना सांगितलं होतं. मोठ्यांनी फोन ठेवला. हे तिला सांग, की मीच सांगेन? मीच सांगते. शनिवारच्या गाडीनं येते. रजा मागितली नाही, कळवली.

स्टेशनवर येऊ नकोस. थेट लाँड्रीत ये, आणि हेडमास्तरांना घेऊन ये. टेबल लागलं तर तिथं इस्त्रीचं आहे. या वेळी अलीकडे मी उभी राहीन.

तिला म्हणावं, तक्रार माझ्या नावानं कर. मोठ्यानं, माझं नाव घेऊन, जे तोंडाला येईल ते. मी तिच्यासमोर उभी असेन. हवं तितक्या वेळा नाव घे म्हणावं, आणि दर वेळी डोळे उघडून बघ, मला काहीही झालेलं नसेल.

तुझी,
ताई